खुली आज्ञावली आणि पालघरचे आकाश

पालघर तालुक्यातून जाणारे पश्चिम रेल्वेचे रूळ त्या प्रदेशाचे दोन वेगळे भाग पाडतात. रुळांच्या पश्चिमेला समुद्रापर्यंत पसरलेली सखल पट्टी आहे आणि तिच्यात 1969 पासून वीज निर्माण करणारे तारापूरचे अणुऊर्जा केंद्र, बोईसरची औद्योगिक वसाहत आणि मुंबईकडे रोज जाणाऱ्या-येणाऱ्या चाकरमान्यांची गावे आहेत; पूर्वेला मात्र पालघर, उमरोळी, बोईसर ही स्थानके मागे टाकून थोडे आत शिरले की टेकड्या, दाट झाडी, सूर्या आणि वैतरणा या नद्यांची खोरी आणि एकमेकांपासून दूर विखुरलेले पाडे लागतात. देशातील पहिल्या अणुवीज केंद्राच्या तालुक्यातच इंटरनेटची जोडणी न पोहोचलेली गावे एकविसाव्या शतकाचे पहिले दशक उलटून गेल्यावरही होती, आणि त्यांच्यापैकी वैतरणेच्या परिसरातील खामलोली व तिच्या आसपासच्या गावांमध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीने, बिनतारी जोडणीचा जो प्रयोग केला, तो मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या इतिहासातील एका लांब साखळीचा महत्त्वाचा दुवा आहे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली, अर्थात प्रोग्रामरने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर, कोणालाही पाहण्यास, बदलण्यास आणि पुन्हा वाटण्यास परवान्यानेच मोकळी असते असे सॉफ्टवेअर. या क्षेत्रात नवे काही कसे घडते हे समजून घ्यायचे असेल तर खामलोलीपासून बरेच मागे जावे लागते.

1983 च्या सप्टेंबरात रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरने ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि 1989 मध्ये त्या प्रकल्पासाठी ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना लिहिला, जो पुढे जीपीएल या आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला. या परवान्याची मुख्य अट अशी की त्याखालील सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, बदलावे, विकावे, पण जो ते दुसऱ्याच्या हाती देईल त्याने केलेल्या बदलांसह मूळ आज्ञावलीही त्याच अटींवर द्यावी. 1991 मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेले लिनक्स हे संगणकाच्या कार्यप्रणालीचे गाभ्याचे सॉफ्टवेअर लवकरच याच परवान्याखाली आले. हे दोन निर्णय घेतले गेले तेव्हा घरोघरी वाय-फाय नव्हते आणि ग्रामपंचायतीत संगणकही नव्हता. तरीही खामलोलीपर्यंत जे पोहोचले त्याचे बीज या अटीत होते, कारण मुक्त स्रोताच्या जगातील बहुतेक महत्त्वाच्या शोधांची सुरुवात एखाद्या तैलबुद्धीच्या कल्पनेपेक्षा अशा एखाद्या परवान्यातल्या कलमापासूनच झालेली दिसते.

त्याचा पहिला ठळक पुरावा एका स्वस्त राउटरने दिला. राउटर म्हणजे इंटरनेटची एक जोडणी घरातील अनेक यंत्रांना वाटून देणारी लहान पेटी. 2002 च्या अखेरीस लिंक्सिस या अमेरिकी कंपनीने डब्ल्यूआरटी54जी हा राउटर बाजारात आणला आणि 2003 मध्ये सिस्कोने ती कंपनीच विकत घेतली. त्याच वर्षी काही जिज्ञासू प्रोग्रामरांच्या लक्षात आले की या पेटीत चालणारे सॉफ्टवेअर लिनक्सवर बेतलेले आहे, म्हणजेच ते जीपीएलच्या अटींनी बांधलेले आहे, आणि तरीही त्याची मूळ आज्ञावली ग्राहकाला दिलेली नाही. लिनक्सच्या विकासकांनी आणि स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने ही बाब लावून धरल्यावर कंपनीने 2003 मध्येच ती आज्ञावली खुली केली. तिच्या आधारे जानेवारी 2004 मध्ये ओपन-डब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला आणि त्याने राउटरकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. कारखान्यातून आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त निवडक सोयी होत्या. ओपन-डब्ल्यूआरटीने तो राउटर एक पूर्ण लिनक्स संगणक आहे असे मानून त्यात हवी ती सुटी पॅकेजे बसवण्याची व्यवस्था केली, आणि प्रेषणाची शक्ती, वाहिनी, दोन संदेशांमधील वेळ अशा पूर्वी बंद असलेल्या बाबी वापरणाऱ्याच्या हाती दिल्या.

या खुलेपणाची किंमत बाजारालाही लवकरच कळली. 2005 च्या अखेरीस कंपनीने खर्च वाचवण्यासाठी याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत स्मृती कमी केली आणि लिनक्सऐवजी दुसरी, बंद कार्यप्रणाली वापरली; पण जुन्या, बदलता येणाऱ्या यंत्राला मागणी इतकी टिकून राहिली की तेच यंत्र ‘जीएल’ या नव्या नावाने पुन्हा विक्रीस ठेवावे लागले. ग्राहकांनी कंपनीला उत्पादन परत आणायला लावले, आणि तेही ते उघडून बदलता येते याच एका कारणासाठी, ही घटना तंत्रज्ञानाच्या इतिहासात फारशी वारंवार घडलेली नाही. अमेरिकी अभ्यासक एरिक फॉन हिपेल यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले होते की अनेक क्षेत्रांतील नवे बदल उत्पादकाकडून येत नाहीत, तर ज्यांची गरज इतरांच्या आधी निर्माण होते अशा वापरकर्त्यांकडून येतात. राउटरच्या या प्रकरणात हे वापरकर्ते कोण होते, हे पाहिले की पालघरचा रस्ता दिसू लागतो.

ज्यांची गरज बाजाराने ओळखलेलीच नव्हती असे ते लोक होते. वाय-फायचे मानक घर, कार्यालय किंवा महाविद्यालयाचे आवार डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले होते. त्यात संदेश मिळाला की मिळवणाऱ्या यंत्राने लगेच पोचपावती पाठवायची असते, आणि ठरलेल्या अल्प वेळात पावती आली नाही तर पाठवणारे यंत्र संदेश हरवला असे समजून तो पुन्हा पाठवते. रेडिओलहरीला एक किलोमीटर जायला सुमारे 3.3 मायक्रोसेकंद लागतात. खोलीतल्या अंतराला हा वेळ नगण्य असला तरी अंतर वीस-पंचवीस किलोमीटर झाले की पावती वाटेत असतानाच पाठवणाऱ्याचा धीर संपतो आणि जोडणी कोसळते. बंद पेटीत हा काळ बदलता येत नव्हता आणि खुल्या आज्ञावलीत तो बदलता येत होता, इतक्या साध्या फरकावर ग्रामीण बिनतारी जाळ्यांचे सगळे प्रयोग उभे राहिले. व्हेनेझुएलातील अभियंते एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी 2006 मध्ये अशाच राउटरांवर बदललेले सॉफ्टवेअर घालून अँडीज पर्वताच्या एका शिखरापासून 279 किलोमीटर अंतरावर जोडणी करून दाखवली आणि 2007 मध्ये हे अंतर 382 किलोमीटरपर्यंत नेले. या दुसऱ्या जोडणीचा वेग सुरुवातीला अगदी कमी होता. तो कित्येक पटींनी वाढवणारे सॉफ्टवेअर कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या गटाने लिहिले होते, आणि त्या गटाने ते घडवले होते मुख्यतः भारतासाठी, कारण तामिळनाडूतील थेणी येथे अरविंद नेत्र रुग्णालयाच्या खेड्यांतील केंद्रांना दूरवरच्या डॉक्टरांशी व्हिडिओद्वारे जोडण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते.

भारतातही हा विचार त्याआधीच सुरू झालेला होता. या शतकाच्या पहिल्या वर्षांत कानपूरच्या आयआयटीत भास्करन रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डिजिटल गंगेटिक प्लेन्स’ या नावाने गंगेच्या मैदानातील गावांना लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडले आणि एकाच मनोऱ्यावरच्या अनेक ॲन्टेनांनी एकाच वेळी बोलावे व एकाच वेळी ऐकावे अशी नवी शिस्त मांडली; हिमाचलातील धर्मशाळा येथे तिबेटी वस्तीला धरून उभ्या राहिलेल्या जाळ्यानेही स्वस्त राउटर आणि खुले सॉफ्टवेअर यांचाच आधार घेतला. कानपूर, बर्कली, थेणी, व्हेनेझुएला आणि धर्मशाळा या ठिकाणच्या माणसांनी कोणत्याही एका संस्थेच्या आदेशाने काम केले नाही. एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता आले, आणि जे आपल्या भूमीला जुळत नव्हते ते बदलण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही, म्हणून हे काम एकमेकांत गुंफले गेले. मुक्त स्रोतातील नवनिर्मितीचे रहस्य म्हणून ‘सामूहिक बुद्धी’ या शब्दप्रयोगाने जे सांगितले जाते त्यापेक्षा हे कारण अधिक साधे आणि अधिक खरे वाटते: परवानगी विचारण्याचा टप्पाच वाटेतून निघून गेल्यामुळे, जिथे गरज आहे तिथलाच माणूस पहिला बदल करू शकतो.

पालघरमधील गरज 2011 मध्ये स्पष्ट झाली. 25 ऑक्टोबर 2011 रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या योजनेस मंजुरी दिली, जिचे नाव पुढे भारतनेट झाले आणि जिचे उद्दिष्ट देशातील सुमारे 2.5 लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंची तार नेणे हे होते. पण ग्रामपंचायतीचे कार्यालय म्हणजे गाव नव्हे. ठाणे जिल्ह्यातून 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात एका ग्रामपंचायतीत कित्येकदा अनेक गावे आणि त्यांचे टेकड्यांआड विखुरलेले पाडे असतात, आणि तार जिथे संपते तिथून शेवटच्या पाड्यापर्यंतचे काही किलोमीटर कोणत्याही योजनेत नीट बसत नाहीत. फायबरचे टोक आणि गावातील वाय-फाय यांच्यामधल्या या अंतराला संशोधक मधला टप्पा म्हणतात, आणि आयआयटी मुंबईतील अभय करंदीकर, अनिमेश कुमार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘ग्राम मार्ग’ या प्रकल्पात नेमका हाच प्रश्न हाती घेतला.

नेहमीच्या वाय-फायची लहर इथे अपुरी पडते. 5.8 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम पाच सेंटीमीटर असते आणि पालघरच्या पूर्वेकडील दाट झाडी, विशेषतः पावसाळ्यात ओली झालेली पाने, ती मोठ्या प्रमाणात शोषून घेतात. त्यामुळे दोन टोके एकमेकांना दिसतील इतक्या उंच मनोऱ्यांची आवश्यकता निर्माण होते आणि खर्च तिथेच वाढतो. दूरचित्रवाणीच्या लहरी मात्र अर्ध्या मीटरहून लांब असतात, झाडीतून आणि उंचसखल जमिनीवरून त्या अधिक सहज पुढे जातात. भारतात 470 ते 590 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात प्रत्येकी 8 मेगाहर्ट्झच्या 15 वाहिन्या मावतात आणि त्यांवर जमिनीवरून प्रक्षेपण करणारी तेव्हा एकटी दूरदर्शन होती. पाश्चात्त्य देशांत हा पट्टा अनेक वाहिन्यांनी भरलेला असल्याने त्यातील मोकळ्या जागा तुटक असतात. आयआयटीच्या गटाने दूरदर्शनच्या प्रक्षेपकांची माहिती घेऊन केलेल्या आणि 2014 मध्ये मांडलेल्या गणितातून असे दिसले की भारतात कोणत्याही ठिकाणी या 15 पैकी किमान 12 वाहिन्या रिकाम्या होत्या. दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील अशा न वापरलेल्या जागेला श्वेत अवकाश म्हटले जाते.

रिकामी जागा वापरायची तर दूरदर्शनच्या प्रेक्षकाला अडथळा होता कामा नये, म्हणून यंत्राने सुरू होताच आपले ठिकाण एका माहितीकोशाला कळवायचे आणि तिथे कोणत्या वाहिन्या मोकळ्या आहेत हे विचारून मगच बोलायचे, अशी पद्धत जगभर रूढ होत होती. या प्रश्नोत्तरांची भाषा इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संघटनेने मे 2015 मध्ये ‘पॉज’ या नावाने निश्चित केली. मुंबईच्या गटाने त्याच वर्षी भारतासाठी असा माहितीकोश ‘ओपनपॉज’ या नावाने स्वतः लिहिला आणि तो मुक्त स्रोत ठेवला. हा निर्णय तांत्रिक सोयीपुरता नव्हता. आकाशातील कोणती जागा रिकामी आहे हे सांगणारा कोश जर एखाद्या कंपनीच्या बंद कपाटात राहिला असता तर त्याचा हिशेब बरोबर आहे की नाही हे ना नियामकाला तपासता आले असते ना दुसऱ्या संशोधकाला. सार्वजनिक मालमत्तेचा हिशेब सार्वजनिक नजरेखाली असणे हे इथे खुल्या आज्ञावलीचे सर्वांत मोठे मोल होते.

यंत्राच्या बाबतीतही गटाने तीच वाट धरली. दूरचित्रवाणीच्या पट्ट्यात चालणारी परदेशी तयार यंत्रे महाग होती, म्हणून वाय-फायच्याच जातीच्या रेडिओला खालच्या पट्ट्यात आणून आणि त्यावर ओपन-डब्ल्यूआरटी चढवून त्यांनी स्वतःचे यंत्र घडवले, जे माहितीकोशाशी पॉजच्या भाषेत बोलू शकत होते. एका अमेरिकी कंपनीने दबावाखाली खुल्या केलेल्या आज्ञावलीपासून वाढलेले सॉफ्टवेअर दहा-अकरा वर्षांनी वैतरणेच्या खोऱ्यात दूरदर्शनच्या रिकाम्या वाहिन्यांवर चालू लागले. 2004 मध्ये ओपन-डब्ल्यूआरटी सुरू करणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात हा उपयोग असणे शक्य नव्हते, आणि त्यांना तो आधीच सुचण्याची आवश्यकताही नव्हती.

या गटाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात चाचणीच्या जाळ्याचे वर्णन आहे: सुमारे 25 चौरस किलोमीटरचा प्रदेश, त्यात 13 गावे, आणि इंटरनेटच्या प्रवेशस्थानापासून पोहोचायला अवघड असलेल्या वस्त्यांपर्यंत श्वेत अवकाशातून नेलेला मधला टप्पा. खामलोलीबरोबर जांभळांसाठी प्रसिद्ध असलेली बहाडोली, ढुकटन अशा शेजारच्या गावांची नावे या प्रयोगाशी जोडलेली आहेत. या गावांतील कोणी आज्ञावली लिहिली नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मुक्त स्रोताच्या गौरवपर इतिहासात वापरकर्ता आणि निर्माता एकच असतो असे जे चित्र रंगवले जाते ते इथे लागू पडत नाही. पण झाडी, पाऊस, टेकड्या आणि खात्रीची नसलेली वीज यांनी जे प्रश्न विचारले ते मुंबईच्या प्रयोगशाळेत विचारलेच गेले नसते, आणि जाळे कोणाच्या मालकीचे असावे, त्याची देखभाल कोणी करावी, त्यासाठी पैसे कोणी व किती द्यावेत, या प्रश्नांची उत्तरे तर गावकऱ्यांखेरीज दुसरे कोणी देऊ शकत नव्हते. त्यातूनच सरकार, खासगी पुरवठादार आणि पंचायत यांच्या भागीदारीचा नमुना पुढे आला, ज्यात पंचायतीने जाळ्यात गुंतवणूक करावी, गावातील तरुणांनी ते सांभाळावे आणि मिळकतीतून खर्च भागावा अशी कल्पना आहे. प्रकल्पाची ही सामाजिक बाजू प्रामुख्याने सर्बानी बॅनर्जी बेलूर यांनी सांभाळली.

मात्र आज्ञावली खुली झाली तरी आकाश खुले झाले नव्हते. दूरचित्रवाणीचा पट्टा वापरण्यासाठी आयआयटीला मिळालेला परवाना प्रायोगिक होता. 2016 मध्ये दूरसंचार विभागाने या पट्ट्याला प्रयोगांपुरतीच मुभा दिली, व्यापारी वापरासाठी नाही, आणि त्यामुळे जे यंत्र गावात चालून दाखवले होते ते गावाला विकत घेऊन कायमचे वापरता येणार नव्हते. अमेरिकेत 2008 पासून आणि ब्रिटनमध्ये 2015 पासून श्वेत अवकाशाला विनापरवाना वापराचे नियम होते. जिथे सर्वाधिक वाहिन्या रिकाम्या होत्या त्या देशात ते नव्हते. सॉफ्टवेअरच्या परवान्याने जी परवानगीची पायरी काढून टाकली होती, तीच लहरींच्या परवान्याने पुन्हा उभी केली, आणि या प्रकरणातील खरी हानी तिथेच झाली असे म्हणावे लागते.

गटाने मग दुसरा मार्ग घेतला. 5.8 गिगाहर्ट्झच्या आसपासचा 5.825 ते 5.875 गिगाहर्ट्झ हा पट्टा भारतात 2007 पासून विनापरवाना खुला होता, आणि त्याच्या अडचणी ठाऊक असूनही त्याच पट्ट्यातून मधला टप्पा उभारून ग्राम मार्गने पालघर जिल्ह्यातील 25 गावे जोडली. मनोऱ्यांच्या जागा काळजीपूर्वक निवडणे, झाडीला वळसा घालून टप्प्याटप्प्याने जोडणी नेणे आणि सगळे जाळे एका ठिकाणाहून सॉफ्टवेअरने नियंत्रित करणे, असे या कामाचे स्वरूप होते. मार्च 2017 मध्ये मोझिला या संस्थेने ‘इक्वल रेटिंग’ या जागतिक स्पर्धेचे 1,25,000 डॉलरचे पहिले पारितोषिक या प्रकल्पाला दिले. मोझिलाचा जन्मही 1998 मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची आज्ञावली खुली करण्यातून झालेला होता, त्यामुळे बक्षीस देणारा आणि घेणारा हे दोघेही एकाच परंपरेतले होते.

याच सुमारास ज्या सॉफ्टवेअरवर हे यंत्र उभे होते त्या ओपन-डब्ल्यूआरटीच्या समाजात फूट पडली होती. कारभार मोजक्यांच्या हाती आणि अपारदर्शक झाला आहे अशा तक्रारीने काही प्रमुख विकासक मे 2016 मध्ये बाहेर पडले आणि त्याच आज्ञावलीची प्रत घेऊन त्यांनी एलईडीई नावाचा वेगळा प्रकल्प सुरू केला; जीपीएलखाली हे करण्यास कोणाचीही हरकत चालत नाही. दीड वर्षात नव्या प्रकल्पाचे काम आणि त्याची खुली कार्यपद्धती अधिक सरस ठरली, आणि जानेवारी 2018 मध्ये दोन्ही प्रकल्प जुन्या नावाखाली पण नव्या नियमांनी एकत्र आले. बाहेर पडण्याचा हक्क असल्यामुळेच परत एकत्र येण्याच्या अटी ठरवता आल्या. आज्ञावलीइतकीच तिच्याभोवतीच्या माणसांची व्यवस्थाही बदलता येणे हा मुक्त स्रोताच्या टिकाऊपणाचा मोठा भाग आहे, आणि बंद उत्पादनावर उभ्या असलेल्या जाळ्यांना हा उपाय उपलब्ध नसतो.

2018 च्या एप्रिलमध्ये करंदीकर कानपूरच्या आयआयटीचे संचालक झाले, पण पालघरच्या अनुभवातून निघालेले काम मुंबईत पुढे चालू राहिले आणि त्याचा रोख एका वेगळ्या दिशेने वळला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने 5 गिगाहर्ट्झच्या परिसरातील एकूण 605 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा विनापरवाना वापरासाठी मोकळा केला, ज्यामुळे ग्रामीण बिनतारी जाळ्यांना आधीपेक्षा कितीतरी अधिक जागा मिळाली. दूरचित्रवाणीचा पट्टा मात्र या निर्णयात नव्हता. मोबाइलची पाचव्या पिढीची मानके वेगाने धावणारी वाहने आणि दाट शहरे यांच्यासाठी लिहिली जात असताना, एका जागी स्थिर असलेला, कमी वीज आणि कमी पैसे असलेला वापरकर्ता त्यांत बसत नाही, हे खामलोलीच्या परिसरात दिसून आले होते. त्यावर आधारलेली रचना या गटाने विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे ठेवली, आणि गावांसाठीच्या काटकसरी जाळ्याची ही रचना 2024 मध्ये आयईईई 2061 या क्रमांकाने मानक म्हणून मंजूर झाली. त्यात मोठ्या क्षेत्रावर मोबाइलचा मनोरा, गावागावांत वाय-फाय आणि दोघांमध्ये बिनतारी मधला टप्पा अशी मांडणी आहे, आणि गावातील वाहतूक प्रत्येक वेळी दूरच्या मध्यवर्ती केंद्रातून न फिरवता जवळूनच थेट इंटरनेटकडे वळवण्याची मुभा आहे.